न फोडलेल्या बांगड्या

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. ठाणे शहरात आमच्या कचेरीसमोर पोलीस चौकी होती आणि चौकीपुढच्या चिंचेखाली एक आगरी बाई रोज येऊन बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. मिठागरावरच्या मारामारीत तिच्या नवऱ्याला पकडलं होतं. कोठडीत तो दुपारभर छातीत कळ येते म्हणून ओरडत होता. जमादार म्हणाला, "सोंग करतोय." संध्याकाळी डॉक्टर आले, ते तो मेला एवढंच सांगायला.

बाईने हातातल्या हिरव्या बांगड्या फोडल्या नाहीत. गावच्या बायकांनी नावं ठेवली, तरी नाही. जमादार दिसला की ती दोन्ही हात वर करून बांगड्या खळखळ वाजवायची. मला तर तो आवाज फार आवडायचा. एकदा जमादार वैतागून म्हणाला, "अगं बाई, त्याचं हृदय बंद पडलं. देवाची मर्जी!"

"देव नव्हता, कोठरीच्या दारान तू व्हतास," ती म्हणाली. "सोंग नव्हता, असा तुज्या तोंडान बोल. मंग फोरीन."

त्या दिवसापासून जमादार मागच्या दाराने ये-जा करू लागला.

मग एका दुपारी आतून दुसऱ्या एका कैद्याची तशीच हाक आली. जमादार पुढच्या दाराने बाहेर आला. त्याने तिच्या हातांकडे पाहिलं आणि टोपी सावरत तो स्वतः नौपाड्यात डॉक्टरांकडे पळाला. तो कैदी वाचला.

आता तरी ती बांगड्या फोडील, असं आम्हाला वाटलं. ती उठली, टेंभी नाक्यावरच्या कासाराकडे गेली आणि आणखी दोन भरून आली.