मासा वाजवून बघणारे आमचे साडू

संयुक्त अरब अमिरातींत राहून मला आजवर जेवढी लाज वाटली, तिच्यातला मोठा हिस्सा एकट्या आमच्या साडूंनी पुरवला आहे. उरलेली माझी मी कमावली, पण तिला साडूंच्या मालाची सर नाही. ऑफिसात मिटिंगच्या मध्यावर मी घोरलो, किंवा पोरीच्या शाळेत दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलीची प्रगती बराच वेळ ऐकून घेतली, ह्या असल्या लाजा घरी पोचेपर्यंत विरून जातात. साडूंनी दिलेली लाज मुरते. वर्षभरानंतर दाढी करता करता ती अचानक आठवते आणि आरशातला आपला अर्धा साबणाचा चेहरा आपल्यालाच बघवत नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. फरशांच्या कारखान्यात तपासनीस. आधी इंग्लंडात चिनी मातीच्या कारखान्यांचं एक गाव आहे तिथे बरीच वर्षं, आणि नंतर इथे, रास अल खैमाला. राहायला शारजात. फरशी भट्टीतून निघाली की हे तिला बोटाच्या गाठीने वाजवतात, कान लावतात, आणि आत तडा असेल तर आवाजावरून सांगतात. इथपर्यंत कुणाचीच तक्रार नाही. पण इंग्लंडाने ह्या माणसाला दुसरीही एक सवय लावली. मैद्याच्या जाड कवचात तळलेला मासा आणि त्याच्या शेजारी बटाट्याचे अंगठ्याएवढे जाड, मऊ चिप्स. ते अन्न अमिरातींत जसंच्या तसं मिळालं पाहिजे, ह्या एका ध्यासापायी त्यांनी आम्हाला सातही अमिराती दाखवल्या. लोक बुर्ज बघायला नेतात, वाळवंट बघायला नेतात. आम्ही तळण बघितलं.

आता, माझं सासर अलिबागेकडचं. तिथे मासा नुसता मैद्यात बुडवून, मसाल्याचं बोटही न लावता तळणं ह्याला आजारपण समजतात. त्यामुळे शुक्रवारी दुपारी ऑफिसं लवकर सुटली की साडूंचा फोन यायचा, "कपडे घाला, मिळालं," आणि आमची ही कपडे घालता घालता म्हणायची, "माझ्या बापाने पापलेटवर वाढवलेली पोर मी, आणि हे मला पिठात झाकलेला मासा शोधायला नेतात." तरी यायची. बहिणीला एकटीला त्या लाजेत सोडवत नसे.

साडू हॉटेलात शिरले की आधी वेटरची उलटतपासणी होई. मासा कुठला? वेटर बिचारा केरळचा, नम्रपणे म्हणे, "हामूर, सर." कॉड का नाही? वेटर म्हणे, "सर, हामूर व्हेरी गुड." हॅडॉक? ह्यावर वेटर मॅनेजरला बोलवी, मॅनेजर आचाऱ्याला, आणि आमच्या टेबलाभोवती एखाद्या अपघाताभोवती जमावी तशी माणसं जमत. मग मासा येई. साडू चमचा उलटा धरून त्या कवचावर हलकेच टकटक करत, डोळे मिटत, आणि ताटापर्यंत वाकून कान लावत. सगळं हॉटेल बघत असे. बराच वेळ ऐकून ते डोळे उघडत आणि डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगावं तशा आवाजात म्हणत, "बोदा आहे." मग खिशातून खोकल्याच्या औषधाची बाटली निघे. तिच्यात इंग्लंडातल्यासारखा तपकिरी व्हिनेगर भरलेला असे. ती बाटली ते माशावर उपडी करत. एकदा शेजारच्या टेबलावरची एक फिलिपिनो बाई उठून आली आणि मला हळूच विचारून गेली, की अंकलना बरं नाही का.

दुबईत अल क्वोजमधला प्रसंग तर मी अजून पूर्णपणे कुणाला सांगितलेला नाही. तिथे जुन्या गोदामांत हल्ली उंच छताची, उघड्या पाइपांची हॉटेलं निघाली आहेत. त्यातल्या एका हॉटेलचा मालक खरोखरीचा गोरा इंग्रज होता. त्या दिवशी माझी लेक तिच्या वर्गातल्या एका मैत्रिणीला घेऊन आली होती. मालक हसत टेबलापाशी आला, जेवण कसं आहे म्हणाला. साडूंनी त्या इंग्रजाला इंग्रजांचे चिप्स कसे असतात हे समजावून सांगितलं. बसून नाही, उभं राहून. चिप्स कडक नसतात, ओलसर हवेत, वाफेने जरा रडवेले झालेले हवेत. इंग्रजाने मान डोलावली. मग साडू त्याच्या खांद्यावर हात ठेवून "यल्ला, हबीबी, आत जाऊन बघू" म्हणत स्वयंपाकघरात गेले. माझी लेक माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, कॅन वी प्लीज सिट अॅट अनदर टेबल?" मी बापाच्या अधिकाराने तिला दटावलं, आणि मग मी पण तिच्याबरोबर त्या दुसऱ्या टेबलावर जाऊन बसलो.

ह्याहून वाईट झालं ते जुन्या दुबईतल्या देरा भागात. खरा मासा कागदात गुंडाळून मिळतो, वर्तमानपत्राच्या, असं त्यांचं म्हणणं. इथे सगळीकडे प्लास्टिकचा डबा. म्हणून ते कारखान्यातून अरबी वर्तमानपत्र घेऊन आले आणि काउंटरवर पसरून म्हणाले, ह्यात बांधा. काउंटरवरच्या माणसाचा चेहरा उतरला. त्याने तो कागद दोन्ही हातांनी उचलला, घडी घातली, आणि हळू आवाजात हिंदीत म्हणाला, "साहब, इसमें अल्लाह का नाम होता है. तेल में नहीं डालते." साडू तिथेच थिजले. कान लाल झाले. त्यांनी तो कागद परत घेतला, रुमालाने पुसला, छातीशी धरला, आणि मासा न घेताच बाहेर आले. नंतर बरेच दिवस त्या दुकानासमोरून जाताना ते आत डोकावून सलाम करत. लाज ह्या माणसाला वाटत नाही असा माझा समज होता. त्या दिवशी तो थोडा हलला.

घरीही प्रयोग झाले. कवचाच्या पिठात बिअर लागते म्हणे. शारजात दारू औषधालाही नाही, म्हणून त्यांनी बिनदारूचं माल्टचं पेय ओतलं. ते डाळिंबाच्या चवीचं निघालं. मासा गुलाबी झाला. ताईने, म्हणजे साडूंच्या बायकोने, तो परातीत ठेवून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "ह्याचं बारसं करू या."

हे सगळं गमतीचं होतं ते केदारचा फोन येईपर्यंत. केदार म्हणजे त्यांचा एकुलता एक. इंग्लंड सोडलं तेव्हा शाळेत होता. अठरा पूर्ण झाल्यावर शिकायला म्हणून परत गेला तो तिकडचाच झाला. भांडण असं काही नाही. पण आईबापांकडे यायला त्याला सवड होत नसे, आणि फोनवर बापाशी बोलणं म्हणजे हवामान. ते झालं की तो म्हणे, आईला दे. आता मित्राच्या लग्नाला पुण्याला जाताना तो मध्ये दोन दिवस उतरणार होता. साडूंचे डोळे त्या दिवसापासून वेगळेच दिसायला लागले. ऑफिस सुटलं की ते एकटेच गाडी घेऊन निघत. आणि एके दिवशी फोन आला. आवाज दबलेला, देवळात बोलावं तसा. "धाकटे साडू, सापडला. आमच्या कारखान्यापलीकडेच, रास अल खैमात, समुद्राकाठी. माणूस पंजाबी आहे, पण जन्म तिकडचा. मी वाजवून आलोय."

सुट्टी त्यांनी गुरुवारची टाकली. गुरुवारी ताई मासे खात नाही, आमची ही पण नाही, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्यांच्या लक्षात राहिलं नाही. आमची ही म्हणाली, "मासा सापडला, वार हरवला." दोघी बहिणी घरी साबुदाणा भिजवून बसल्या. मला वाटलं, बापलेक जातील. पण गुरुवारी सकाळी साडूंनी मला त्यांच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाठलं आणि म्हणाले, तुम्ही चला. गाडी तुम्ही चालवा. मी कारणं सांगायला लागलो तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"मी काही वेडंवाकडं करायला लागलो तर टेबलाखालून पाय मारा."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"तुम्हाला माझी लाज वाटते. वाटते, मला ठाऊक आहे. म्हणजे कुठे वाटायला हवी ते तुम्हाला कळतं. मला कळत नाही हो. म्हणून म्हणतो."

"मारीन," मी म्हणालो. मग त्यांनी, गाडीच्या बॉनेटवरची धूळ बोटाने पुसत, जे सांगितलं ते असं. केदार अकरा वर्षांचा असेल. तिकडच्या दुकानात शुक्रवारची रांग, रांगेत त्याच्या शाळेतली पोरं. ह्यांनी खिशातून लसणीच्या चटणीची डबी काढली, चिप्सवर भुरभुरवली, त्या पोरांनाही चव दिली, आणि दुकानदारिणीला आपली सासू चटणी कशी कुटते ते हातवारे करून दाखवलं. पोरं हसली. बाहेर आल्यावर केदार म्हणाला, "दुकानात तू माझा बाबा नाहीस."

"त्याचं बरोबरच होतं," साडू म्हणाले. "मला खायची रीत ठाऊक नव्हती. मग शिकलो."

रास अल खैमापर्यंत मी गाडी चालवली आणि एकही विनोद केला नाही. मागे केदार त्याच्या नोकरीबद्दल सांगत होता, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. उंच, दाढीवाला, सभ्य मुलगा. सभ्यपणाच जरा जास्त होता, पाहुण्यासारखा. साडू पुढे बसून प्रत्येक वाक्याला "व्हेरी गुड" म्हणत होते.

दुकानात ते दोघं एका बाकावर, मी समोर. मासा आला. आणि साडूंनी काहीच केलं नाही. वेटरला काही विचारलं नाही, बाटली काढली नाही. सुरीकाट्याने एवढासा तुकडा तोडून, तोंड मिटून चावत राहिले. केदार म्हणाला, "नाइस." साडू म्हणाले, "गुड." मला आयुष्यात पहिल्यांदा साडूंबरोबर जेवताना लाज वाटत नव्हती, आणि मी ताटातले चिप्स नुसते मोजत होतो.

मग मी पाहिलं, त्यांचा उजवा हात चमच्याकडे सरकत होता. त्यांना त्याचा पत्ताही नसावा. चमचा उलटा झाला, माशावर आला. मी वचन दिलं होतं. टेबलाखालून मी नेम धरून लाथ मारली.

"आऽऽ! काका, व्हॉट वॉज दॅट?" केदार नडगी चोळत म्हणाला.

साडूंचे पाय खाली नव्हतेच. ताणामुळे म्हणा, सवयीने म्हणा, त्यांनी बाकावर केव्हाच मांडी घातली होती. मी काहीतरी पुटपुटलो, मुंग्या, पायाला मुंग्या आल्या. पण तपासनिसाला तडा लपवता येत नाही. साडू म्हणाले, "ती मला होती." आणि त्यांनी मुलाला सगळं सांगून टाकलं. रांग, डबी, ते वाक्य. अजिबात तक्रारीचा सूर न लावता, नुसता अहवाल.

केदारने काटा खाली ठेवला. "मी असं म्हणालो?"

"तू लहान होतास."

"मला आठवत नाही, बाबा. आय रिअली डोन्ट."

साडू त्याच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं ज्या परीक्षेचा अभ्यास केला, ती परीक्षा कधी नव्हतीच, असं कुणी सांगितलं तर माणसाने कसं दिसावं, तसे ते दिसत होते. मी टेबलावरच्या मिठाकडे बघत होतो. केदार खाली मान घालून नडगी चोळत होता, आता ती दुखत नसणार तरी.

"मला लाज वाटली होती ती डॅनियलच्या घरी," तो म्हणाला. "त्याच्या बर्थडेला. तू त्यांच्या बाथरूममध्ये शिरून सगळ्या टाइल्स वाजवल्यास. आणि बाहेर येऊन त्याच्या आईला म्हणालास, तुमच्या तीन पडणार."

"पडल्या?" साडूंनी विचारलं.

"दोन."

"तिसरी पडली असेल नंतर. आपण तोवर इकडे आलो होतो."

केदार हसला नाही लगेच. आधी त्याचं तोंड जरा वेडंवाकडं झालं, डोळे भरले, आणि मग तो दाढीत हात घालून इतका हसला की पंजाबी मालक काउंटरवरून बघायला लागला. साडूंना विनोद कळला नव्हता. तरी मुलगा हसतोय म्हणून ते पण हसत होते, संकोचून, अंदाज घेत.

परतताना साडूंनी केदारसाठी पुढचं दार उघडलं, पण तो पुढे बसला नाही. "मी मागे बसतो बाबाबरोबर," म्हणाला. मला ड्रायव्हरसारखं एकटं पुढे बसायला लागलं, ते चाललं. दुपारचं ऊन हायवेवर हलत होतं, गाडीत तळणाचा वास कोंडला होता. मागची बोलणी हळूहळू तुटक झाली आणि थांबली. मी आरशात पाहिलं. तो एवढा थोरला गडी विमानाच्या जागरणाने झोपला होता आणि त्याचं डोकं घसरत घसरत साडूंच्या खांद्यावर येऊन टेकलं होतं. साडू ताठ बसले होते. एक खांदा वर, एक खाली, मान अवघडलेली.

शारजाचं एक्झिट आलं. मी इंडिकेटर दिला. आरशात साडूंनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी बारीक, खांदा न हलू देता, नकारार्थी मान हलवली. मी इंडिकेटर बंद केला. एक्झिट मागे गेलं. मग दुबईचे उंच टॉवर दिसायला लागले, तेही मागे पडले. मी जेबेल अलीच्या दिशेने नुसता चाललो होतो.

तेवढ्यात हिचा फोन आला. दंडाची पर्वा न करता मी तो कानाला लावला. कुठे आहात, साबुदाणा गार झाला, असं ती विचारत होती.

"ट्रॅफिक आहे गं खूप," मी दबक्या आवाजात म्हणालो. समोर रस्ता मोकळा पडला होता.