घाट घरी आणला त्याची गोष्ट

माझी बायको दर रविवारी नदीवर, ग्वारीघाटावर जायची. घरून कणकेच्या बारीक बारीक गोळ्या करून न्यायची अन् पायरीवर बसून माश्यांले टाकायची. मी मागं उभा राहून म्हणायचो, "मले कधी इतक्या प्रेमानं वाढलं नाही तू."

ती म्हणे, "मासे फक्त खातात. तुमी खाता बी अन् बोलता बी."

मागच्या वर्षी तिले लकवा मारला. डावं अंग गेलं. उजवा हात चांगला होता, पण तोही ती हलवेना. मालिशवाली दीदी हातात रबराचा चेंडू द्यायची, "दबाइए, भाभीजी." ही चेंडू सोडून द्यायची. डॉक्टर म्हणे, ह्या हाताले काम द्या, नाहीतर हाही आखडून जाईन.

आमचं घर रांझीले, तिसऱ्या मजल्यावर. तिले घाटावर नेणार कसं? म्हटलं, चलो, घाटच घरी आणू.

नेपियर टाउनच्या दुकानात काचेची टंकी घेतली. दुकानदार म्हणे, "भैया, आज सिर्फ टंकी ले जाओ. कुछ दिन मोटर चलाके पानी तैयार होने दो, फिर मछली ले जाना."

मी, तिसरी नापास, त्याले शिकवतो, "पानी है कि अचार, जो पहले मुरेगा?"

गप्पी, काळी मॉली, दोन एंजल, सगळे त्याच दिवशी घेतले. ऑटोत पिशवी छातीशी धरून बसलो. ऑटोवाला विचारे, "दवाई है क्या, दादा?"

म्हटलं, "हाँ भैया, दवाई ही है."

घरी येऊन पाण्याच्या आधीच मोटर चालू केली. ती अशी किंचाळली की शेजारीण धावत आली. मग पाणी भरलं, पाणी गरम ठेवायची कांडी लावली, मासे सोडले. बायको मान वळवून पाहून राहिली.

"ती काळी पाहा. तुमच्या बहिणीसारखी फुगून बसली."

किती महिन्यांनी असं बोलली! अन् मग म्हणे, "कणीक आणा."

ताट तिच्या पोटावर ठेवलं. एका हातानं ती गोळ्या वळत राहिली. वाकड्या, लहानमोठ्या, पण वळत राहिली. दुकानदारानं माश्यांच्या दाण्याचा डबा दिला होता, चिमूटभर टाका म्हणे. तो मी फ्रिजवर ठेवून दिला. घाटावर लोक परातीनं कणीक टाकतात, तिथं कोण चिमटी मोजते?

सगळ्या गोळ्या टाकल्या. संध्याकाळपर्यंत पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढरं झालं. मासे वर येऊन तोंडं उघडून राहिले.

"अजून मागून राहिले, पाह्य!" मी म्हटलं.

ती हसली. अजून वळल्या. ती हसत होती म्हणून मी पोतंभर कणीक टाकली असती.

सकाळी सगळे उलटे होऊन तरंगत होते. मी टंकीसमोर उभा राहिलो. माझ्या पोटाआड तशा दोन टंक्या लपल्या असत्या, पण तिनं पाहिलंच.

"माझ्याच हातानं गेले ना?"

"नाही गं. मी बावळट. दुकानदार सांगून राहिला होता, पाणी तयार होऊ दे. मीच त्याले लोणचं शिकवत बसलो." मी त्या मोटरसारखा किंचाळूनही दाखवलं. माझ्या बावळटपणावर जन्मभर हसलेली बाई, त्या दिवशी हसली नाही.

पाणी बदललं, दुकानदार म्हणे तसं थांबलो, मग नवे मासे आणले. ते जगले. चांगले जाडजूड झाले. मी पुन्हा कणीक मळून ताट तिच्यासमोर ठेवलं. म्हटलं, "एकच गोळी वळ. मी टाकणार बी नाही, कसम से."

ती ताटाकडं पाहत राहिली. मग म्हणे, "वाया काहून घालवता? पोळ्या करा त्याच्या."

पोळ्या केल्या. काही जळल्या, काही कच्च्या. तिच्याजवळ बसलो अन् वाट पाहिली. तिचा चांगला हात रजईतून बाहेर आलाच नाही. शेवटी मीच घास मोडला अन् तिच्या तोंडापाशी धरला.