दुपारची खोली

सक्करदऱ्याला आमच्या गल्लीत उन्हाळ्याच्या दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. कूलर घरघरत असतो आणि माणूस आपला त्याच्यासमोर बसलेला असतो. नवरा गेल्यावर काही वर्षं मुलगा घरी होता. मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला जायचा, तेव्हा निदान संध्याकाळची वाट पाहता यायची. मग कंपनीनं त्याला हैदराबादला पाठवलं. गेला. जायलाच पाहिजे पोरांनी, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण जेवण झाल्यापासून चहाची वेळ होईपर्यंत मला घर खायला उठायचं, आणि हे मी कोणाला म्हणजे कोणालाच सांगितलं नव्हतं. मुलाचा फोन आला की "मजेत आहे रे बाबा" म्हणायचं आणि टीव्हीचा आवाज थोडा वाढवायचा, म्हणजे त्याला वाटावं घरात कोणी आलंय.

त्या वर्षी पालिकेच्या लोकांनी नवीन टूम काढली. वॉर्डातल्या कामांचा थोडा पैसा कुठे लावायचा ते लोकांनीच बसून ठरवायचं. नागरिक सभा म्हणे. मी अख्खी नोकरी वीज खात्यात कारकुनीत काढली, शेकडो बैठकांची टिपणं टाइप केली, त्यामुळे बैठक म्हटलं की माझं डोकंच फिरतं. तरी गेले. समाजभवनात मोठे पंखे आहेत आणि माणसं असतात, एवढंच कारण.

सभा चालवायला एक तरुण मुलगी आली होती. ती स्टेजवर बसली नाही, सतरंजीवर फिरून एकेकाला विचारत होती. माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "काकू, तुम्हाला काय हवंय?" आता यात रडण्यासारखं काय आहे सांगा. पण मला काय हवंय हे कोणी विचारल्याला इतका काळ झाला होता की मी चष्मा काढून पुसायला लागले. मग एकदम बोलून गेले. समाजभवनाच्या मागे रस्त्याला लागून एक खोली बंद पडली आहे, ती दुपारी उघडा, कूलर लावा, खुर्च्या टाका, वर्तमानपत्र ठेवा. म्हाताऱ्या माणसांना येऊन बसता येईल.

तिनं लिहून घेतलं आणि मग एकेका कामासाठी हात वर करायला सांगितले. नाल्याच्या कामाला धडाधड हात वर झाले. मुलांच्या मैदानालाही झाले. खोलीचं नाव घेतलं आणि सगळे हात मांडीवर. माझासुद्धा. माझ्या शेजारी मागच्या गल्लीतली बाई बसली होती. उमरेडचं माहेर, नवरा नाही, एकुलता मुलगा कॅनडात, म्हणजे माझ्याइतकीच एकटी. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आपल्याले काय कमी आहे वं? पोरगा रोज व्हिडिओवर बोलते. तिथं जाऊन बसाची कोणाले गरज पडली?" सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्यात हे असंच आहे. म्हातारपणी एकटं असणं ही आपली अडचण नसते, पोराची बदनामी असते. त्या खोलीसाठी हात वर करायचा म्हणजे भर सभेत सांगायचं की माझा पोरगा मला विचारत नाही.

मुलगी मात्र हुशार निघाली. ती म्हणाली, हात राहू द्या, चिठ्ठ्या टाकू. घरटी एक चिठ्ठी, नाव लिहायचं नाही, पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर उघडू.

रविवारी तिनं डबा उघडला. ती एकेक चिठ्ठी वाचायला लागली. नाला. खोली. खोली. मैदान. खोली. दहा माणसांच्या घराचीही एक चिठ्ठी आणि एका माणसाच्या घराचीही एक, हे नाल्यावाल्यांच्या लक्षात आलं नव्हतं. खोली जिंकली. मला आनंद व्हायला पाहिजे होता, पण मी बोटांवर घरं मोजायला लागले. एवढी घरं? म्हणजे किराणा दुकानाच्या वर, कोपऱ्यावरच्या बंगल्यात, मागच्या गल्लीत, इतक्या ठिकाणी दुपारी एकेक माणूस कूलरसमोर बसलेलं होतं आणि मी समजत होते की मीच एक. "कोणं टाकल्या गा एवढ्या चिठ्ठ्या?" एका गृहस्थानं हसत विचारलं. सगळे चपला घालून आपापल्या घरी गेले.

खोली उन्हाळ्याच्या तोंडावर उघडली. कूलर आला, खुर्च्या आल्या, किल्ली माझ्याकडे दिली. मी रोज दार उघडून बसायचे. कोणी यायचं नाही. लोक जाता-येता डोकावायचे, "काय, बसल्या का?" म्हणायचे आणि चालू लागायचे. चिठ्ठी टाकली होती तरी उंबरठा ओलांडायची हिंमत नव्हती, कारण दार रस्त्यावरच होतं. वर्तमानपत्र मी पहिल्या पानापासून निविदांपर्यंत वाचून काढायचे. घरात एकटं बसणं परवडलं, पण रिकाम्या खुर्च्या मांडून एकटं बसणं फार वाईट. त्या मुलीनं एकदा येऊन सांगितलं, "काकू, पुढच्या सभेत हा विषय निघणार. कोणी बसत नसेल तर खोली सफाईच्या सामानाला जाईल."

एक दिवस भर दुपारी ती मागच्या गल्लीतली बाई छत्री घेऊन समोरून चालली होती. मी हाक मारली.

"ये ना वं आत."

"नाही, घरी काम पडून आहे."

मला रागच आला. "काय काम पडून आहे? मले नको सांगू. दुपारी किती काम राहते ते मले चांगलं माहीत आहे." ती थांबली. मग माझ्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ते निघालं. "मले करमत नाही वं घरात. भिंतीसोबत बोलून राहिली मी."

ती उन्हातच उभी राहिली. "मी तिथं बसली तर गल्ली काय म्हणन? पोरानं हिले टाकून देल्लं."

"माझंही पोरगं दूरच आहे ना."

"तुझं हैदराबादले आहे. फोन केला तर सकाळी दारात येऊन उभं राहीन. माझं त्या कॅनडातून काहून येईन?" तिनं छत्री मिटली, आत आली, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "दार लोटून घे."

मी दार लोटलं.

त्यानंतर ती रोज यायची. रस्त्यावर कोणी नाही असं पाहून मागच्या बोळातून यायची आणि आल्याबरोबर आतून कडी लावायची. दार बंद असलं की कूलरची हवा दमट होते, अंग चिकचिक करतं, तरी आम्ही तसंच बसायचो. ती गवारीच्या शेंगा मोडायची, मी तिला बातम्या वाचून दाखवायचे आणि ती प्रत्येक बातमीला नावं ठेवायची. तिचे वडील विणकर होते. घरातला माग बंद झाला तेव्हा त्या शांततेत कोणाला झोप लागेना, असं तिनं सांगितलं. मी तिला विचारलं, तुझ्या घरी का नाही बसत आपण? ती म्हणाली, माझ्या घरी मी कोणाले येऊ देत नाही. दारात ती मुलाच्या चपला ठेवते, रोज पुसून ठेवते, पोरगा येऊन-जाऊन असतो असं दिसावं म्हणून. आत येणाऱ्याला कळलं असतं की कोणी येत नाही. माझ्या घरी यायचं तर रस्ता ओलांडून सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून यायचं. म्हणून ती खोलीच तेवढी आमची होती. त्या उन्हाळ्यात मी मुलाशी बोलताना टीव्ही लावला नाही.

पुढची सभा भरली. खोलीचा विषय निघाल्याबरोबर एक जण उठले. "ती तर बंदच राहते. मी कितीदा पाहिलं, दार लागूनच असते." दोन-तीन जण हो हो म्हणाले. खोटं काही नव्हतं त्यात.

त्या मुलीनं विचारलं, "कोणी बसतं का तिथे? हात वर करा."

मी हात वर केला. सगळी सभा वळून माझ्याकडे पाहायला लागली. मागच्या गल्लीतली माझी मैत्रीण माझ्या शेजारीच होती, मान खाली घालून पदराच्या टोकाची घडी घालत होती.

"काकू, आणखी कोणी?" मुलीचा आवाज मऊ झाला होता. तिला मनापासून खोली वाचवायची होती. "दोघं असले तरी मी लिहीन, खोली राहील. एका माणसासाठी मला नाही ठेवता येणार. एकट्याच बसता का तुम्ही?"

शेजारणीचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"हो," मी म्हटलं. "एकटीच."