खडूने मांडलेली वेस

"गल्लीची वेस उतरवायलोत. बघायची असंल तर ये." महादेवचा फोन. तो धारूरला चित्रकला शिकवतो. कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. मी दुसऱ्याच दिवशी निघालो.

परळीहून एसटीने सिरसाळा, तेलगाव. परळी सुटेपर्यंत नाकाला रुमाल हवा, वीजकेंद्राची राख उडते. तेलगावला भजी गरम मिळतात. पाणी सोबत न्या, हॉटेलवाला ग्लास अर्धाच भरतो. पुढे घाट, करपलेला.

महादेवच्या वहिनींनी चहा दिला. पाय धुवायला पाणी देता आलं नाही, म्हणून त्याच अवघडल्या.

वेस म्हणजे गल्लीच्या तोंडाशी दगडी कमान, वर कमळं कोरलेली. तिच्यातून बैलगाडी जायची, टँकर जात नव्हता. दूध संस्थेने लावलेला पाण्याचा टँकर बाहेर थांबायचा, बाया चढावर हंडे वाहायच्या. शेवटी संस्थेच्या बैठकीत ठरलं: दगडांवर नंबर टाकायचे, वेस उतरवायची, दुष्काळ सरल्यावर शाळेच्या मैदानात तशीच उभी करायची.

"पाइप लांबवला तर?" मी विचारलं.

"चढावर पोचत न्हाई, भाऊ," वहिनी म्हणाल्या. "वेस लई आवडती ना तुमाला? एक खेप करा की."

केली. अर्ध्या चढावरच हंडा टेकवला. बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

महादेवने ऑइलपेंटचा डबा आणला होता. मी म्हणालो, "रंग दगडात मुरतो. खडूने लिही." त्याने ऐकलं. नंबर टाकून झाले, गवंड्यांनी दगड उतरवून कडेला मांडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर थेट शेवटच्या घरापर्यंत गेला. आम्हीही त्याच्यामागे वर गेलो. या गल्लीत नवी नवरी वेशीवर पाणी घालून, हळदकुंकू वाहूनच आत येते. वहिनी पहिला हंडा घेऊन खाली उतरल्या, मागून बाकीच्या. आम्ही परतलो तेव्हा दगड ओले होते, काळेभोर, देखणे. नंबर धुऊन गेले होते.

"वहिनी, कावून धुतले?" महादेवने विचारलं.

"तिनं वाट दिली, भावजी. तिला कोरडीच ठिवायची का?"

महादेव दगडांशेजारी बसून राहिला. मी वेस उतरवण्याआधी काढलेले फोटो उघडले.

धारूरला जाल तर किल्ला पाहाच. शाळेच्या मैदानात दगडांचा ढीग दिसेल, तीच वेस. माझ्या फोटोंत तिची पुढची बाजू आहे. आतले दगड कुठल्याच फोटोत नाहीत. ते फोटो मी मोठे करकरून पाहतो.

परवा महादेवचा फोन आला. कमळाचे दोन दगड जुळले म्हणाला. मग वहिनींनी फोन घेतला.

"आता या, भाऊ. पाय धुवायला पाणी देते."

येतो म्हणालो. बाकीच्या दगडांचं विचारलं नाही.