अकराव्या पानावरची अट

माझ्या सासऱ्यांनी चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, तीही औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवतात त्या माहितीपत्रकांची. घरच्या कॉम्प्युटरवर फोटो नीट करायला मी एक फुकट सॉफ्टवेअर निवडलं. 'मान्य' दाबणार, तोच ते खुर्ची ओढून शेजारी बसले आणि अटी वाचू लागले. अकराव्या पानावर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"तुमचे फोटो आम्ही कुठेही वापरू, असं लिहिलंय यात. आणि तू हो म्हणणार होतीस?"

असल्या वीसेक अटींना मी आजवर डोळे झाकून होकार दिला होता. पण कबूल कोण करतंय?

"एवढं बारीक कोणी वाचत नसतं, बाबा," मी फणकारले.

"कोणीच नाही?"

दुसऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अटी दीड पानाच्या आणि सरळ निघाल्या. तेच घेतलं. थोड्या वेळाने उठून बाबांनी रक्तदाबाच्या गोळ्यांचं आपलं खोकं आणलं. आतलं माहितीपत्रक काढलं. त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"सहा वर्षं घेतोय या गोळ्या," ते म्हणाले. "मीही नाही वाचलं."