दोनशे व्होल्टांचा हट्ट

आमचे हे गेल्यानंतर अकराव्या महिन्यात त्यांचा गिटारचा, जुना व्हॉल्वचा अँप्लिफायर जळला. हे खाणीवर ट्रक चालवायचे आणि सुटीच्या दिवशी लग्नांतून गिटार वाजवायचे. मला गिटार येत नाही. मी नुसती संध्याकाळी अँप्लिफायरचं बटण दाबायची आणि वाऱ्याला उघड्या जनेलाखालच्या त्यांच्या कदेलात, हातांच्या खुर्चीत, बसून राहायची. तो तापला की खोलीत बारीक घूं सुरू व्हायचं. हे तारा जुळवायला बसायचे तेव्हा हेच ऐकू यायचं. त्या अकरा महिन्यांत मला रडू आलं नाही, भूकही लागली नाही. घूं मात्र कानावर पडायचं. तेवढं बास होतं.

त्या दिवशी घूं जास्तच मोठ्यानं झालं. मग जळक्या वार्निशचा वास आला आणि मागून धूर.

ते धूड रिक्षात घालून मी इब्रामपूरहून डिचोलीला नेलं, पंपांच्या जळक्या मोटरी नव्यानं गुंडाळून देणाऱ्या रिवाइंडिंगवाल्याकडे. त्यानं स्क्रू काढले, काळाठिक्कर ट्रान्सफॉर्मर हातात तोलला आणि हा कुठला म्हणून विचारलं.

हा मी निवडलेला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. केरीच्या किनाऱ्यावरचा एक गोरा गावी परतताना अँप्लिफायर ह्यांना देऊन गेला. त्याच्या देशातली वीज आपल्या निम्मी. ह्यांनी घरी येऊन सरळ भिंतीत खोचला आणि आतला ट्रान्सफॉर्मर जाळला. दुसरा निवडायला बाईसाहेब निघाल्या. मी कॉलेजात एक वर्ष विज्ञान शिकले होते, त्यामुळे विजेचा शोध माझ्या माहेरीच लागला होता. म्हापशाचा दुकानदार दोनशे चाळीस व्होल्टांचा घ्या म्हणाला. मी पर्समधून, पावडरच्या डबीशेजारचा मीटर काढून त्याच्यापुढे धरला. आमच्या गावात संध्याकाळी एकशेनव्वदच्या वर वीज चढत नाही, मला दोनशेचाच हवा. दुकानदारानं ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "ती सांगते तो द्या." मी परतीच्या वाटेवर ट्रान्सफॉर्मर मांडीवर घेऊन बसले होते, बारशाला निघाल्यासारखी.

रिवाइंडिंगवाल्यानं गावात आता किती वीज येते ते विचारलं. दोनशे चाळीस, मी म्हटलं. नवी लाइन आली त्याला कितीतरी वर्षं झाली.

त्यानं मान वर केली. "मग मावशे, मधी काय होता? नायतर हो कधीच जळलो असतो."

मधे एक लाकडी खोका होता. धूर झाला त्याच सकाळी मी कपाट सरकवून झाडलोट केली होती. मागे अँप्लिफायरची वायर त्या खोक्यात घुसलेली दिसली. जात्याएवढा जड. ट्रकचं काहीतरी असेल म्हणून मी तो भंगारवाल्याला दिला आणि वायर सरळ भिंतीत खोचली.

तो खोका दोनशे चाळीसचे दोनशे करत होता. हे त्यानं मला सावकाश समजावलं, जणू मला ते कळत नव्हतं. म्हणजे नवी लाइन आली तेव्हा ह्यांनी गुपचूप तो बनवून घेतला आणि कपाटामागे ठेवला. मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी भांडले असते, आणि जिंकलेही असते.

आता काहीतरी वाटेल म्हणून मी थांबले. काही वाटलं नाही. बाहेर पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजला, तो मी शेवटपर्यंत ऐकला.

त्यानं काचेचे व्हॉल्व मोजले. दोन मोठे, तीन लहान. म्हणाला, त्यांच्या आतल्या तारा तापवायला चार अँपिअरच्या आसपास लागतील, आपण पाचचा घेऊ. बोल्टांच्या भोकांमधलं अंतर मापलं. मग म्हणाला, जुनाच दोनशेचा पुन्हा गुंडाळून देतो आणि मधे तसाच खोका बनवतो, नाहीतर दोनशे चाळीसचा नवा बसवतो.

नव्याला घूं येईल का, मी विचारलं.

"बरो असलो तर येवचो नाय. घुमत होतो तो तुमचो खोको, जळलो त्या दिसा तेवडो हो घुमलो."

म्हणजे इतकी वर्षं मी माझीच चूक ऐकत बसले होते. खोका पुन्हा बनवता आला असता. पण कपाटामागे तो आहे हे ध्यानात ठेवायला घरात आता मीच, आणि माझा भरवसा काय ते भंगारवाल्याला विचारा.

"दोनशे चाळीसचा घाला," मी म्हटलं.

"मागचो दोनशेचो कोणी घेतल्यान?"

"आमच्या ह्यांनी," मी म्हटलं. "भारी हट्टी होते."

त्यानं समजुतीनं मान हलवली.

घरी आणून बटण दाबलं. दिवा लागला, व्हॉल्व हळूहळू तांबूस झाले. मी कदेलात बसून राहिले. खोलीत काही ऐकू येईना. शेवटी उठून स्पीकरवरच्या कापडाला कान लावला, तर अगदी आत, बारीकसं काहीतरी आहे.

कदेल आता जनेलाखाली नसतं. अँप्लिफायरला चिकटून ठेवलंय.