पाण्याकडची वाट

परळला, जुन्या गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत माझं ऑफिस आहे. उपग्रहाने काढलेल्या फोटोंवर घरं, विहिरी, वाटा आखायच्या, हे काम. क्लायंट कोण, हे विचारायचं नाही. फायलीवर नुसता नंबर. एका फायलीत नदीकाठचं एक गाव आलं. ते आफ्रिकेतलं आहे आणि त्याच्याखाली खनिज आहे, एवढं सरांच्या बोलण्यातून कळलं होतं.

बाकीच्यांनी गावाचा एकच रस्ता आखला, पुढचा. मी कोळीवाड्यातली. फोटोतल्या मासळी वाळवायच्या वलांड्यांमागून नदीकडे उतरणारी, केसाएवढी बारीक वाट मला लगेच दिसली. "मागची वाट असतेच," मी तोऱ्यात म्हटलं आणि आखली. सरांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, मीही चढले. नव्या मुलींना शिकवायचं कामही मलाच मिळालं.

दीड महिन्याने त्याच गावाचा नवा फोटो आला. छपरं काळी, काहींतून अजून धूर निघत होता. आणि नदीकाठी, माझी रेघ संपते बरोबर तिथे, दोन नव्याकोऱ्या लष्करी गाड्या आडव्या उभ्या होत्या. लोक पळाले असतील ते त्याच वाटेने. बातमीत दोन जमातींचं भांडण म्हणून चार ओळी आल्या. त्या जमातींना असल्या गाड्या कुठल्या देशाने दिल्या, हे कुणी विचारलं नाही. पुढच्या फायलीत त्याच जागेवर खाणीची हद्द आखायची होती. क्लायंटचा नंबर तोच.

सरांना दाखवलं. "अगं, ते लोक आपसात मारतात. तू कशाला टेन्शन घेतेस? आपण फक्त रेषा मारतो."

घरी आईला सांगितलं. कोलंबी सोलता सोलता ती म्हणाली, "तू काय मारायला गेलेलीस?" मला तिचा राग आला. स्वतःचा त्याहून जास्त आला, पण नोकरी सोडायची हिंमत झाली नाही.

मग त्याच क्लायंटचं दुसरं गाव आलं, तसंच नदीकाठचं. अंगणात ठिपक्यांएवढी माणसं दिसत होती. मागची वाट दिसली. मी ती आखली नाही. तशीच फाइल तपासायला पुढे पाठवली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

दुपारी, मीच शिकवलेली मुलगी टेबलाशी आली. आता फायली तीच तपासते.

"ताई, मागची वाट राहिलेली ना तुमची," ती हसत म्हणाली. "मी टाकली. फाइल गेलीपण."